आठवड्यातले उरलेले तास

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत रुग्णसाहाय्य गटातर्फे केलेलं भाषण)



मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा होतं, दर वेळी साधारण चार तास. म्हणजे 12 तास. आठवडा 168 तासांचा. त्या 12 तासांत यंत्र असतं, तंत्रज्ञ असतो, डॉक्टरांची फेरी असते. उरलेले 156 तास घराचे. आम्हाला आज बोलायचं आहे ते या 156 तासांबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत ज्या घरांत आम्ही जातो-येतो, तिथे माणूस खचलेला पाहिला तो या तासांत.

उपचारांची बाजू आपल्याकडे सुधारली आहे, हे आधी सांगायला हवं. 2016 मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागलं. 2018 मध्ये आयुष्मान योजना आली, पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण घेऊन. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ती खुली झाली. आपल्या मंडळातल्या कित्येक आजी-आजोबांनी अजून ते कार्ड काढलेलं नाही. ‘सरकारी कार्ड आपल्यासाठी नसतं’ हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला जुना समज. तो सोडायला हवा.

पण ही योजना रुग्णालयातल्या उपचारांची आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस, इतकीच तिची घराकडे नजर जाते. पंधरा दिवसांत बऱ्या होणाऱ्या दुखण्याला ते पुरतं. डायलिसिस वर्षानुवर्षं चालतं. येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं, घरी हवा असलेला मदतनीस, बुडालेली नोकरी, यांतलं काहीच त्यात बसत नाही.

बरं, मग दुसऱ्या खात्याकडे जावं तर तिथे वेगळीच गंमत. 2016 च्या दिव्यांगजन कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्यात हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे आणि ते योग्यच आहे. निकामी मूत्रपिंड मात्र त्या यादीत नाही. आठवड्यातले तीन दिवस सुयांना जोडलेला आणि घरी आल्यावर जिना चढताना दोनदा बसणारा माणूस आरोग्य खात्याच्या लेखी गंभीर रुग्ण. समाजकल्याणाच्या लेखी त्याला काही झालेलंच नाही. दोन्ही खिडक्यांवरची माणसं आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच बोलतात. या दोन खिडक्यांच्या मधलं अंतर चालायचं कोणी? रुग्णाची बायको चालते.

आता घरात काय होतं ते पाहू. रुग्णालयातून निघताना सांगितलं जातं, ‘पाणी कम, नमक कम.’ कम म्हणजे किती? लघवी किती होते त्यावरून डॉक्टर दिवसाचं पाणी ठरवून देतात. त्या मापात चहा, ताक, वरण, आमटी सगळं मोजायचं असतं. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे मुख्यतः साठलेलं पाणी. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. ते जास्त असलं की यंत्राला चार तासांत जास्त ओढावं लागतं, रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात. ही साखळी घरातल्या माणसाला कळली तर तो वजनकाटा रोज बघतो. नाही कळली तर ‘उन्हाळा आहे, बिचाऱ्याला तहान लागते’ म्हणून प्रेमाने तांब्या भरून देतो.

आणि आपण राहतो इंदूरला! इथे सेवेशिवाय पोहे म्हणजे अपमान. सेवेतलं मीठ तहान वाढवतं आणि तहान पाणी आत आणते. कोणी सुचवतं, सैंधव वापरा. सैंधव हेही मीठच. त्याहून घातक म्हणजे दुकानात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि मूत्रपिंडं चालत नसतील तर वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. आमच्या माहितीतल्या एका घरात ते मीठ मुलीने पुण्याहून, वडिलांच्या काळजीने, मुद्दाम पाठवलं होतं. तेच नारळपाण्याचं. उपासाची साबुदाण्याची खिचडी, त्यातला बटाटा, दाणे. गणपतीचा केळं-नारळ-खजुराचा प्रसाद. प्रत्येक वस्तू प्रेमाची, आणि प्रत्येकीचं माप डॉक्टरांना विचारून घ्यावं लागणारी. बटाटा खायचाच तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी टाकून द्यावं, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं सांगणारा आहारतज्ज्ञ आणि घरी स्वयंपाक करणारी बाई एका खोलीत कधी येतच नाहीत. डायलिसिसला सोबत जातो शेजारचा मुलगा, कारण स्कूटर त्याच्याकडे आहे.

हाताची गोष्टही तीच. ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताने रक्तदाब मोजायचा नाही, तिथून रक्त काढू द्यायचं नाही, त्या हातात घट्ट बांगडी किंवा जड पिशवी नको, आणि तिथली थरथर रोज बोटाने चाचपायची. ती थांबली तर त्याच दिवशी कळवायचं. डायलिसिसच्या विभागात हे सगळ्यांना पाठ असतं. घरी येऊन रक्ताचा नमुना नेणाऱ्या मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही.

एका खाजगी रुग्णालयात आमच्यासमोर एका वहिनींना विचारलं गेलं, ‘पेशंटच्या गोळ्या तुम्ही देता ना?’ हो, म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या तीन आठवडे संपलेल्या होत्या. ते कोणी विचारलं नाही, कारण केसपेपर त्यांच्या नावाचा नव्हता. आम्हाला वाटतं, आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट हीच आहे. सगळा भार जिच्यावर उभा आहे, तिची नोंद कुठेच नाही.

केरळमध्ये ती घेतली गेली. कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात 1993 मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचं केंद्र सुरू झालं. डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही त्यातली नावं. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे साधे लोक, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, प्रशिक्षण घेऊन घरोघरी जाऊ लागले. 2008 मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरण केलं, आणि पंचायतीकडून नर्स घरी जाऊ लागली. सोबत गावातला स्वयंसेवक. नर्स जखम बघते, नळी बदलते. स्वयंसेवक घरात तांदूळ आहेत का, मुलाची फी भरली का, ते बघतो. आणि अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिन्याला 600 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, कबूल. पण सरकारी कागदावर त्या माणसाचं नाव येतं.

आपण सरकार नाही. पण आपल्याकडे वर्गणीची वही आहे, म्हणजे घरांची यादी आहे, आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे हे आपल्याला खात्यांच्या आधी कळतं. म्हणून सध्या आम्ही इतकंच करतो. प्रत्येक घरासाठी एक वही ठेवतो: वजन, पाण्याचं माप, औषधं, कोणता हात, घरी कोणाला फोन करायचा. मराठीत आणि हिंदीत, दोन्ही, कारण तंत्रज्ञाला मराठी येत नाही आणि आजींना हिंदी डॉक्टरी कळत नाही. महिन्यातून एकदा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच डायलिसिसला सोबत नेतो आणि त्या दिवशी घर आमच्यातलं कोणी सांभाळतं. वहीच्या शेवटच्या पानावर सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या तपासण्या. इंदूरबाहेर डायलिसिसला किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्याला सोबत्यासह रेल्वेभाड्यात सवलत मिळते. तो फॉर्म डॉक्टरांकडून आम्ही भरून आणून देतो.

आता निकडीची बाब. अनंत चतुर्दशीला झांक्या निघतात, राजवाड्याकडचे रस्ते रात्रभर बंद असतात. ज्यांची पाळी त्या संध्याकाळी आहे, त्यांनी ती चुकवू नये. मध्ये दिवस वाढला की धोका वाढतो. पाळी सकाळी बदलून मिळते का, ते आम्ही केंद्रांशी बोलतो आहोत. अशा घरांनी स्थापनेच्या दिवसापर्यंत कार्यालयात नाव द्यावं. आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे, पण झांक्या पाहायची फारशी हौस नाही, अशा चार जणांची आम्हाला त्या दिवसासाठी गरज आहे.