नवा माणूस कामास कधी येतो?



'कामाला लागणे' आणि 'कामास येणे' यांत आपल्या भाषेने मोठा भेद केला आहे. नवा मुलगा कामाला लागतो तो एका दिवसात. कामास केव्हा येतो, हा प्रश्न हथखोजच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांला आजही सुटलेला नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. मधल्या चार वर्षांत नुसत्या भट्ट्या रचल्या गेल्या नाहीत. आपले अभियंते शिकण्यासाठी रशियात धाडले गेले. माणूस घडण्याचा काळ त्या योजनेत धरलेला होता. हथखोजच्या लहान कारखानदाराला ही चैन कोठून परवडावी? त्याच्यामागे बँकेचे हप्ते असतात.

संगणकावर चालणारे लेथ आले तेव्हा एका कारखान्यात (नाव घेत नाही) आय. टी. आय. झालेला एक मुलगा आमच्या हाताखाली आला. मालकांनी महिन्याची मुदत दिली. बटणे तो आठवड्यात शिकला. पण हत्यार किती झिजले आणि त्याची भरपाई यंत्राला कोणत्या आकड्याने सांगायची, म्हणजे ज्याला 'ऑफसेट' म्हणतात ते, त्याला कोणी उकलून सांगितले नाही. कोणी म्हणजे आम्हीच. सांगत बसलो असतो तर आमचे काम तुंबले असते. विसाव्या दिवशी त्याचे दशांशचिन्ह एक घर चुकले आणि हत्यार फिरत्या चकवर आदळले. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. त्याला कोणी बोलावलेही नाही. नोंदवहीत 'अकार्यक्षम' असा शेरा पडला; त्याखाली सही आमची होती.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या १९७५ सालच्या ग्रंथात दाखविले आहे, की रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रेंगाळते. जुन्यांचा वेळ नव्यांना शिकविण्यात जातो. आम्ही हे फार उशिरा वाचले.

पुढच्या मुलाच्या हाती पहिला महिना आम्ही मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग एवढेच दिले. मग तो यंत्र चालवी आणि आम्ही शेजारी उभे. आमचे उत्पादन घटले, मालकांची बोलणी खाल्ली. सहाव्या महिन्यात रात्रपाळी त्याच्यावर सोडली, तरी घरी झोप काही लागली नाही.

आज आपली मुले पुण्या-बेंगळुरूच्या संगणक-कंपन्यांत रुजू होतात आणि तीन महिन्यांतच फोनवर त्यांचा आवाज उतरलेला असतो. त्यांना एवढेच विचारा : बाळा, तुला शिकवायला तिथे कोणाला वेळ दिलेला आहे का?

त्या पहिल्या मुलाचा आम्ही पुढे शोध केला. दुर्गमधली भाड्याची खोली सोडून तो केव्हाच निघून गेला होता.