दम लागतो : दोष फुप्फुसाचा की रक्ताचा?

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण हा धडा आम्ही आमच्या आईच्या आजारातून शिकलो.

आईने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली. धूर छातीत गेला आणि कायमचा दम जडला. डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात. औषधाचा पंप सुरू होताच. पुढे न्हाणीपर्यंत जातानाही तिला धाप लागू लागली. आम्ही समजलो, दम वाढला. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले, तर आकडा ९५! आकडा चांगला, मग धाप का? या कोड्यात चार महिने गेले. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ निघाले.

फुप्फुस हवेतला प्राणवायू घेते, पण तो शरीरभर वाहून नेते हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मि.ली. प्राणवायू नेऊ शकते. ते १४ वरून ७ वर आले की वाहतूक निम्मी होते. हजर हमालांपैकी शेकडा किती जणांच्या डोक्यावर ओझे आहे, एवढेच ऑक्सिमीटर सांगते. मुळात हमालच निम्मे आलेत, हे त्याला कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे पुरुषात १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले की तो रक्तक्षय. फुप्फुसाच्या जुनाट आजारात काहींचे रक्त उलट दाट होते, म्हणून रक्तक्षयाकडे दुर्लक्ष होते. परंतु शरीरात दीर्घकाळ दाह राहिला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त सुटते. त्यामुळे आतडे लोह नीट शोषत नाही आणि साठ्यातले लोहही अडकून पडते. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यात रक्कम आहे, पण खाते गोठवलेले!

मग उपचार कोणता? तथागतांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले आणि मग मार्ग सांगितला. येथेही तोच क्रम हवा. आधी कारण शोधा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्यांवरून लोह कमी आहे की अडकले आहे, याचा अंदाज येतो. दाहात फेरिटिन खोटे वाढते, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. त्याची तपासणी न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आईच्या बाबतीत कारण वेगळेच निघाले. गुडघेदुखीसाठी ती वर्षभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होती. त्याने जठरात व्रण होऊन रक्त झिरपत होते. शौच डांबरासारखे काळे होत असे, पण संकोचाने ती बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गोळ्या बंद झाल्या, व्रणावर उपचार झाला, लोह सुरू झाले. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा चालतो. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी डॉक्टर सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. गोळी लागू पडत नसेल तर रुग्णालयात शिरेतून लोह देतात. रक्त चढवणे हा शेवटचा उपाय. घाईने चढवलेल्या रक्ताने दुर्बल रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचू शकते.

आईचा पंप सुटलेला नाही. रक्त सुधारले म्हणून फुप्फुस नवे होत नाही. पण आज ती विहाराच्या पायऱ्या मध्ये एकदाच थांबून चढते.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेचा भर बालके, किशोरवयीन मुले-मुली, गरोदर व स्तनदा माता आणि जननक्षम वयातील स्त्रिया यांच्यावर आहे. घरातले दमेकरी म्हातारे त्यात येत नाहीत. त्यांची जबाबदारी आपली. विद्यार्थी मित्रहो, मंडळाच्या पुढील आरोग्य शिबिरात आपापल्या वस्तीतील अशा प्रत्येक वृद्धाला रक्ततपासणीसाठी हात धरून आणा. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्नान घातले होते. आपल्याला तर फक्त विचारायचे आहे, “आजी, रक्त तपासले का?”