तक्रार आहे!

(नांदेड-लातूरच्या तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आज मी आरोपीची बाजू मांडायला उभा आहे. कुणाला राग येईल, येऊ द्या.

सप्टेंबर 2024 मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीनं मेला. पेढे वाटले गेले. आपलीही काही पोरं म्हणाली, बरं झालं, कोर्टकचेरीचा ताप वाचला. त्या चिमुरड्या पोरींवर जे झालं त्यानं कुणाचंही रक्त उसळेल. पण त्याच्यावरचा खटला तिथंच संपला. पुढं मॅजिस्ट्रेट चौकशीत पोलिसांवरच ठपका आला.

मग तीन महिन्यांनी काय झालं? लातूर रोडहून परळीमार्गे नांदेडला येताना परभणी लागतं. तिथं स्टेशनाबाहेर बाबासाहेबांचा पुतळा आहे. 10 डिसेंबर 2024 ला पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. मग पोलीस आपल्या वस्त्यांत घुसले. पन्नासच्या आसपास माणसं आत टाकली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता, वडार समाजातला, कायदा शिकणारा. 15 तारखेला तो कोठडीत मेला. शवविच्छेदन म्हणालं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, मॅजिस्ट्रेटनं विचारलं तेव्हा त्यानं तक्रार केली नव्हती! मॅजिस्ट्रेट चौकशीनं पोलिसांना जबाबदार धरलं, तरी साधा गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला हायकोर्टात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठानं आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि 30 जुलैला तिथं हरलं.

बदलापूरला पेढे खाणाऱ्यांनो, हिशेब लावा. बिनाखटल्याच्या शिक्षेचा परवाना एकदा दिला की त्यावर कुणाचं नाव लिहायचं ते ठाणं ठरवतं. आणि ठाण्याची नजर जुनीच आहे. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो कायदा गेला, नजर राहिली.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. घटनेच्या मसुद्यातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द वगळले गेले, तेव्हा ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये त्यांनी स्वतः नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम 22. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा.

कुणी विचारेल, मग अत्याचार करणाऱ्यालाही हे हक्क? होय, त्यालाही. 1978 च्या ऑगस्टात नामांतराच्या वणव्यात आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जाळलं. असल्यांना आपल्याला शिक्षा पाहिजे, ती पुराव्यावर उभी, वर अपिलातही टिकणारी. पोलिसांनी मारून काढलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. 1872 च्या कायद्यात हेच होतं, 2023 च्या कायद्यातही आहे. पट्टा चालवला की तपास बोंबलतो आणि खरा गुन्हेगार सुटतो.

आता कामाचं. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. आता तेच पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे जेलात गेलेलं पोरगं परत ठाण्यात येऊ शकतं. म्हणून प्रत्येक रिमांडला आपला वकील उभा पाहिजे. पैसा नसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तो मागा. अटकेचं कारण आपल्या भाषेत लेखी मागा, वैद्यकीय तपासणी मागा. घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

रात्री वस्तीतनं पोरगं उचललं, तर दगड घेऊन जाऊ नका. वही घेऊन जा. किती वाजता नेलं, कुणी नेलं, अंगावर खूण होती की नव्हती, सगळं लिहा. 24 तास तिथनं मोजायचे.

आणि मॅजिस्ट्रेट विचारतो, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मागं तोच जमादार उभा असतो ज्यानं रात्री मारलं. पोराची जीभ टाळ्याला चिकटते. एकट्याच्यानं ते होत नाही. म्हणून त्या दिवशी कोर्टात आपली माणसं त्याला दिसली पाहिजेत. मग त्याला म्हणता येईल, आणि ते कागदावर लिहून घ्यावंच लागेल :

"होय साहेब, तक्रार आहे!"

जयभीम.