वाढते ऊन आणि वस्तीचे आरोग्य

(बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात, नागपूर येथील आपल्या विहारात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला बँकेतला कारकून आहे. तरी हा विषय मी कार्यकारिणीकडून मागून घेतला. त्याचे कारण सांगतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी एक आजी आमच्या शाखेत आल्या होत्या. दुपारचे बारा वाजले होते. लिंक गेली होती. आत बसायला जागा नव्हती, म्हणून रांग दाराबाहेर उन्हात गेलेली. "आजी, थोडं थांबा, लिंक आली की बोलावतो," असे मीच त्यांना म्हणालो. त्या सव्वा तास थांबल्या. पैसे घेताना त्यांचा हात थरथरत होता आणि अंगठा नीट उठत नव्हता. मला वाटले, वयामुळे असेल. आठवड्याने त्यांचा पुतण्या वारसाचा अर्ज मागायला आला. त्याच रात्री टिनाच्या खोलीत त्या गेल्या होत्या. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. ऊन हा शब्द त्यावर कुठेही नव्हता. उन्हानेच त्या गेल्या असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण उन्हाने नाही, असेही आता मला म्हणवत नाही.

बंधू-भगिनींनो, उष्माघाताचे मरण असे गुपचूप येते. पुराचे पाणी दिसते, उन्हाचे मढे दिसत नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. यातील बहुतेकांच्या दाखल्यावर दुसरेच काही कारण असणार, हे उघड आहे.

त्यानंतर त्या महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात फार मोठी यंत्रे नाहीत. हवामान खात्याचा इशारा आगाऊ घ्यायचा, तो दवाखान्यांना आणि वस्त्यांना कळवायचा, डॉक्टर-परिचारिकांना उष्माघात ओळखायला शिकवायचे, पाण्याची सोय करायची. तेथील शारदाबेन रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष अगदी वरच्या, तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला, आणि उन्हामुळे आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. नवे बांधकाम नाही, फक्त मजला बदलला! पुढे झालेल्या एका अभ्यासाने या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज दिला. नागपुरातही २०१६ पासून असा आराखडा आहे. मेयो, मेडिकलसारख्या रुग्णालयांत उन्हाळ्यात शीतकक्ष उघडतात. ही चांगलीच गोष्ट आहे.

परंतु शीतकक्षापर्यंत पोहोचतो कोण? ज्याला उचलून नेणारे कोणी आहे तो. एकटी आजी आपल्या खोलीत झोपून राहते आणि तिला काय होते आहे हे तिलाही कळत नाही. म्हणून तयारी वस्तीपासूनच करावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही ज्येष्ठ म्हणतील, नागपूरला ऊन काय नवीन आहे? आम्ही नवतपे पाहिले, खसच्या ताट्या पाहिल्या. खरे आहे. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश पाहिले. पण पृथ्वीचे सरासरी तापमान आता कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा एक अंशाहून अधिक वाढले आहे. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. त्यानेच उन्हाच्या लाटा वाढतात, लांबतात, आणि रात्री गार होत नाहीत. पूर्वी कडुनिंबाखाली बाज टाकली की पहाटे अंगावर चादर घ्यावी लागे. आता झाड गेले, अंगणात सिमेंट आले, वर टिन आले. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, की दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते.

आणि पारा ४५ वर जायलाच हवा असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळा झाला. तापमान ३८ अंशांच्या आसपास, पण हवा दमट. उन्हाने १४ जण दगावले. श्रद्धेने आलेली माणसे होती ती. आपली रॅली सकाळी निघते आणि दुपारी एकपर्यंत रेंगाळते. लेझीमच्या मुली अनवाणी डांबरावर असतात. मी रॅलीच्या विरोधात नाही. ती सूर्य मावळल्यावर काढा, एवढेच म्हणतो.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पाठच करावी. उन्हात काम केलेला माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट न पाहता त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. मान, काख, जांघ येथे ओले फडके ठेवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही. खिशात कांदा ठेवायला माझा विरोध नाही, पण कांद्याच्या भरवशावर कोणी राहू नये. शुद्धीवर असलेल्या पण घामाने थकलेल्या माणसाला जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी अर्ध्या ग्लासात कालवलेली मी पाहिली आहे. तसे करू नये.

विनयपिटकात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. आपल्या वस्तीतही वर्गणी देऊ न शकणारे, कार्यक्रमाला येऊ न शकणारे म्हातारे आहेत. आपल्या सभासद-यादीत त्यांचे नाव नाही.

ती यादी आपण करावी. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण, उन्हात राबणारे मजूर. आशाताईंना यातली बरीच घरे ठाऊक आहेत, पण हजार ते अडीच हजार लोकांमागे एक ताई, तीही तुटपुंज्या मोबदल्यावर, स्वतः उन्हात फिरते. तिच्याबरोबर आपले दोन-दोन विद्यार्थी जावेत. इशारा आला की रोज दोनदा दार वाजवावे. ज्या दवाखान्याची वेळ फक्त सकाळची आहे, तेथे उन्हाळ्यात संध्याकाळीही तपासणी व्हावी असा अर्ज मी लिहून आणला आहे. सह्या आपण द्याव्यात. माझ्या शाखेत मंडप आणि माठाची मागणी मी केली. मंडप या वर्षी लागला. माठ अजून माझ्या घरचाच आहे.

आता शेवटचा आणि थोडा कडू मुद्दा. आपला विहार दुपारी बारा ते पाच कुलूपबंद असतो. वस्तीतली ही सर्वांत उंच छताची, सर्वांत गार जागा. ज्या महामानवाने २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्यांच्या प्रतिमेसमोरची जागा तहानेच्या वेळी बंद असावी, हे मला पटत नाही. चोरीची भीती सांगितली जाते. मी सुटीच्या दिवशी राखणीला बसायला तयार आहे.

प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आपण निधी जमवला आहे, त्यात माझीही पावती आहे. कमान एक वर्ष थांबावी आणि त्या पैशातून वस्तीतल्या टिनांना पांढरा चुना किंवा परावर्तक रंग द्यावा, अशी माझी सूचना आहे. त्याने खोली दोन ते पाच अंशांनी गार राहते. सुरुवात यादीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांपासून व्हावी. ठराव लेखी देत आहे. कार्यकारिणीने तो पुढच्या रविवारच्या सभेत मतास टाकावा, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!