भट्टीवर गेल्यावर पाळी लांबते, ती का?

दिवाळी झाली, भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली. आता पाड्यापाड्यांवर बोचकी बांधली जातायत. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर निघतील. कुणी होळीला येईल, कुणी थेट पावसाच्या तोंडावर.

जाण्याआधी एक गोष्ट बोलून घेऊ. गटाच्या बैठकीत ती कुणी काढत नाही. बैठक उठली की उंबऱ्याशी थांबून आम्हाला हळूच विचारतात, "ताई, भट्टीवर गेलं की माझी पाळी दोन-दोन महिने येत नाही. माझं तर ऑपरेशन झालंय. मग हे काय?" आणि कधी प्रश्न पोरीचा असतो. पोरीची पाळी लांबली, शेजारपाजारची कुजबुज सुरू झाली, आईनं तिला मारलं. पोर म्हणते, मी काही केलं नाही. खरंच नसेल केलं.

आवणीचं उदाहरण घ्या. पाऊस लांबला की आवणी लांबते, आवणी लांबली की कापणी लांबते. दोष कापणीचा नसतो. पाळीचं तसंच आहे. महिन्यातून एकदा अंडाशयातून बीज सुटतं आणि गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. बीज सोडायचा निरोप मेंदूकडून येतो. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते, ती हा निरोप अंडाशयाला धाडते. जिवाला मोठा घोर लागला, पोटाला कमी पडलं, अंगमेहनत वाढली, झोप मोडली, की मेंदू हा निरोप थांबवून धरतो. आत्ता गर्भ वाढवायची वेळ नाही, असं शरीरच ठरवतं. बीज उशिरा सुटतं, पाळी उशिरा येते. कधी त्या महिन्यात बीज सुटतच नाही.

म्हणून पाळी लांबली तर कालचं भांडण आठवू नका, तीन-चार आठवडे मागं जा. तेव्हा काय चाललं होतं? बऱ्याचदा बोचकं बांधून ट्रकमध्ये बसलो तेच दिवस निघतात.

ताण म्हटलं की शहरातल्या हापिसातल्या बायकांचं दुखणं वाटतं. पण अंगावर बयाणा आहे, हजार विटांमागे हिशेब आहे, पहाटे तीनला उठून चिखल तुडवायचा, पोर तापलंय तरी थांबता येत नाही, दुपारी चटणी-भात आणि रात्रीही तेच. ह्याला ताण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आपल्याकडे तर घोर आणि भूक जोडीनंच येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंड देशात अन्न तुटलं. तिथल्या पुष्कळ बायकांची पाळी महिनोन्‌महिने बंद झाली. अन्न मिळायला लागलं तशी हळूहळू परत आली. धट्ट्याकट्ट्या बायांचं असं झालं, मग अंगात रक्त आधीच कमी असलेल्या बाईचं काय होणार?

पण घोरामुळे लांबली असं म्हणून गप्प बसायचं नाही. आधी दिवस गेले नाहीत ना, ते बघायचं. आशाताईकडे निश्चय किट मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्यायची. दोन रेघा आल्या तर दिवस आहेत. एकच आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा बघायचं. ऑपरेशन झालेल्या बाईनंही बघायचं. क्वचित ऑपरेशन फसतं. पाळी चुकलेली आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो, त्यात जीव जातो.

अंतरा इंजेक्शन घेत असाल तर पाळी मागंपुढं होते, पुढं बंदही होते. ते औषधाचं काम आहे, घाबरू नका. रक्त आत साठून राहतं, हे बोलणं खोटं आहे. छाया गोळीनंही सुरुवातीला पाळी लांबते. अंगावर पाजणाऱ्या बाईची लांबते. चाळिशीनंतर लांबू लागते. पाळी नुकती सुरू झालेल्या पोरींची पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते, त्यावरून तिच्यावर आळ घेऊ नका. मोठ्या बाईची २१ ते ३५ दिवसांत आली तर ठीक.

सगळ्यात भीती आम्हाला कशाची वाटते सांगू? भट्टीजवळच्या मेडिकलमधून "पाळी आणायची गोळी" आणतात त्याची. ती कसली गोळी, ते ना बाईला ठाऊक, ना आणून देणाऱ्याला. गर्भ पाडायची असेल आणि दिवस वर गेले असतील तर रक्त थांबत नाही. लग्नासाठी, सणासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्याही मनानं घेऊ नका. आणि पाळी लांबली म्हणजे आता दिवस राहत नाहीत, असंही नाही. बीज उशिरा सुटलं की मोजलेले दिवस चुकतात, आणि तेव्हाच गर्भ राहतो.

तीन महिने पाळी आलीच नाही तर जव्हारचं कुटीर रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा भट्टीजवळचं सरकारी आरोग्य केंद्र, कुठंही जा. रक्त तपासून घ्या, थायरॉइडचं विचारा. घोर फारच वाढला, झोप लागत नाही, मरावंसं वाटतं, तर १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बोचक्यात नागलीचं पीठ, सुकट, उडीद-कुळीथ टाका. लोहाच्या गोळ्या आशाताईकडून मागून घ्या, चहासोबत घेऊ नका. आणि पाळी आली त्या दिवशी खोपीत कुडाच्या कोपऱ्यात कोळशानं एक रेघ ओढा. कॅलेंडर असेल तर त्यावर खूण करा. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात. पोरीची रेघ वेगळी ओढा, तिला ती स्वतः ओढू द्या.