ताप आलेल्या माणसाला लघवीचे विचारा

(दिघी येथे सभासद व हितचिंतकांसमोर केलेले भाषण)



आदिवासी वाडीवर आजाऱ्याला भेटायला गेलो की आपण विचारतो, “ताप उतरला का? काही खाल्लंस का?” यापुढे आणखी एक प्रश्न विचारा : “सकाळपासून लघवी किती झाली?” यात लाजण्यासारखे काही नाही. या उत्तरावरून मूत्रपिंडांचा धोका वेळीच कळू शकतो.

पावसाळ्यात आपले कातकरी बांधव चिखलणी-लावणीला दिवसभर पाण्यात उभे असतात. त्या पाण्यात उंदरांचे, गुरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला भेग किंवा जखम असली की तेथून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याच रोगाची साथ आली होती. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी थंडीताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. लवकर औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

उशीर झाला तर सेप्सिस होऊ शकतो. म्हणजे जंतूंशी लढताना शरीराचा तोल जातो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा होते. रक्तदाब घसरतो, बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह बिघडतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यामुळे त्यांना हा फटका लवकर बसतो. पन्नास किलो वजनाच्या माणसाला सहा तासांत १५० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे लहान पेलाभरापेक्षा, कमी लघवी झाली तर डॉक्टर ती धोक्याची खूण मानतात. मात्र लघवी होते आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लेप्टोमध्ये लघवी होत असूनही मूत्रपिंडे बिघडलेली असू शकतात. म्हणून रक्तातले क्रिएटिनिन तपासावे लागते.

अंगदुखी थांबावी म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी अशा वेळी घेऊ नये. आधीच कमी रक्त मिळणाऱ्या मूत्रपिंडांना ती आणखी अपाय करते.

मग माणसे उशिरा का येतात? दवाखान्यात गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत जाणाऱ्याचीही बुडते, आणि मागे पोरांकडे बघायला कोणी नसते. श्रीवर्धन गाठायचे तर गाडीभाडे लागते. खाडीपलीकडे आगरदांड्याला जायचे तर फेरीबोटीची वेळ धरावी लागते. जिल्हा रुग्णालय तर अलिबागला. मग “उद्या बघू” म्हणता म्हणता दोन दिवस जातात.

डायलिसिसची भीतीही मोठी आहे. ते एकदा लागले की जन्मभर सुटत नाही, असे वाडीवर समजतात. पण लेप्टोमुळे बिघडलेली मूत्रपिंडे उपचाराने बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतात, आणि मग डायलिसिस थांबते. हे त्यांना समजावून सांगा.

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागते. शेतातल्या पाण्यात काम केलेल्या कोणाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, आणि पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना सांगायला लावा. लघवी कमी झाली, धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले किंवा डोळे पिवळे दिसले तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. आणि देणगी देताना औषधांबरोबर गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचाही विचार करा. गोळ्या दवाखान्यात असतात. तिथवर माणूस वेळेत पोचला पाहिजे.