शेतीव्यवसाय : उद्याची तयारी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शेतीपुढील आव्हानांचा विषय निघाला की पाऊस, बाजारभाव आणि मजूरटंचाई यांचीच नावे प्रथम घेतली जातात. ती अयोग्य नाहीत. परंतु पावसावर शेतकऱ्याची सत्ता चालत नाही; घरातल्या कागदांवर चालते. उद्याच्या तयारीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

1970-71 च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र 2.28 हेक्टर होते. 2015-16 मध्ये ते 1.08 हेक्टरवर आले. वाटण्या होत गेल्या. मात्र कित्येक कुटुंबांत त्या बांधावर झाल्या, दप्तरात नव्हे. सातबाराच्या उताऱ्यावर अजूनही दिवंगत आजोबांचे नाव असते. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई हे सारे उताऱ्यावरील नावाचा माग घेत येते, आणि प्रत्यक्ष राबणारा नातू दारात तिष्ठत राहतो.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर हे विशेषच लागू आहे. गावाकडची जमीन कोणीतरी भागाने करीत असतो. गावी जाणे होते ते गणपतीला किंवा लग्नकार्याला. फेरफाराचा अर्ज पुढच्या सुटीवर ढकलला जातो. मग चुलतभावंडे वर्षानुवर्षांनी एकत्र बसतात ती तलाठ्याच्या कार्यालयाबाहेरील बाकावर, आणि तोवर मनेही दुरावलेली असतात.

या कागदांत स्त्रियांचे नाव शोधावे लागते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. व्यवहारात बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून ती सही करते. (त्या सहीला स्वेच्छा म्हणणे हा शब्दाचा अपमानच होय!) शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी कायद्यातील या दुरुस्तीच्याही पूर्वी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती : पतीने आपल्या जमिनीतील वाटा राजीखुशीने पत्नीच्या नावे करावा. गावोगावी अनेकांनी तो केलाही. पती अकाली गेल्यावर शेत सांभाळण्याची वेळ जिच्यावर येते, तिच्यासाठी याहून मोठी पूर्वतयारी कोणती?

नावानंतर वही. 2010 मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश अधिक आढळल्याने युरोपीय बाजारात माल अडला आणि नाशिककडील बागायतदारांना जबर फटका बसला. निर्यातीच्या बागेची नोंदणी, फवारणीची तारीख, औषधाचे प्रमाण हे सारे लिहून ठेवणे म्हणजे उगाचच कागद रंगविणे नव्हे, हे त्या हंगामाने पुरते पटविले. पुढचे ग्राहक मालाबरोबर पुरावाही मागणार आहेत.

परंतु वहीत केवळ बी-बियाणे, खते आणि डिझेल एवढेच मांडले तर हिशेब लंगडा राहतो. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमांचेही मोल धरतो; घरच्या वहीत मात्र ते शून्य असते. सासूची खुरपणी, सुनेची वेचणी यांची मजुरी एकदा मांडून पाहावी. ‘फायद्यात’ असलेले एखादे पीक तोट्यात गेलेले दिसेल. ते पीक पुढेही घ्यावे की नाही, हा प्रश्न मगच नीट विचारता येतो. शाळेत गणितात शंभर गुण मिळविणाऱ्या मुलीकडे ही वही सोपवावयास काहीच हरकत नाही.

राहिला वारसनोंदीचा भाग. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. मुदत उलटली तरी नोंद होऊ शकते. येत्या दिवाळीत गावी जाताना फराळाच्या डब्यांसोबत मृत्यूचा दाखला, ताजा सातबारा आणि सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र बरोबर न्यावे. त्या यादीत लेकींची नावे असावीत, सासरच्या पत्त्यांसह.